शनिवारचा होकार

जॅक्सन, मिसिसिपी
११ फेब्रुवारी २०२४

जोवेल,

तुझं पाकीट पोचलं. ते आमच्या टपालपेटीत मावलं नाही म्हणून पोस्टमनने शेजारच्या मिस रूबीकडे ठेवलं, आणि मिस रूबीने ते चर्चच्या निम्म्या बायकांना दाखवून झाल्यावर मग मला आणून दिलं. "टीव्हीवरच्या जोवेलचं पत्र आलंय डेनिताला," असं दोन दिवस गल्लीत चाललं होतं. मला सगळ्यात शेवटी कळलं.

मी हातानेच लिहिते आहे. ईमेल पाठवला की तो आधी तुझी ती असिस्टंट वाचते आणि 'प्रिय डेनिता, जोवेलला खूप आनंद झाला' असं उत्तर पाठवते. तुला आनंद झाला की नाही हे मला तिच्याकडून कळायला नको आहे.

तुझ्या पुस्तकाचं सातवं प्रकरण मी वाचलं. त्यात मी आहे म्हणून ते मला तपासायला पाठवलंस, ठीक आहे. तारखा आणि नावं तेवढी तपासते. बाकी पुस्तक तुझं, मर्जी तुझी. 'माझ्यासाठी खोटं बोललेली मैत्रीण' हे प्रकरणाचं नाव वाचलं तेव्हा मी कागद पालथे घालून ठेवले. पुढे वाचलं तेव्हा कळलं की ते कौतुक आहे. २००८च्या एप्रिलमध्ये आपल्या चॅनेलवर तुला बारीक वेण्या घालून बातम्या वाचायच्या होत्या, तशा तोवर तिथे कुणीच वाचल्या नव्हत्या. न्यूज डायरेक्टर मिस्टर पर्विस यांची परवानगी नव्हती, आणि मी तुला फोनवर सांगितलं की ते 'हो' म्हणाले. माझ्या त्या खोट्यामुळे तुला धीर आला, आणि त्या धीरामुळे पुढचं सगळं झालं. अटलांटा, तुझा स्वतःचा शो, आणि आता पुस्तक. मी शूर होते असं तू लिहिलं आहेस. शूर हा शब्द तीनदा आला आहे, मी मोजलं.

घटना तशाच घडल्या. तारखा बरोबर आहेत.

एप्रिलमध्ये अटलांटाला तुमच्या पत्रकार बायकांचं जे जेवण आहे, त्याला मी यावं आणि स्टेजवर तुझ्या शेजारी उभं राहावं, हे मात्र जमणार नाही. आईचे गुडघे फार दुखतात. शिवाय चॅनेलवर सकाळच्या बातम्यांचं काम मीच बघते, माझ्या जागी दुसरं कुणी नाही.

मंगळवारचा तुझा शो पाहिला. पिवळा सूट बरा होता. खांदे जरा जास्त रुंद केले आहेत का कुणी?

डेनिता

*

२ मार्च २०२४

जोवेल,

रविवारी तू फोन केलास आणि मी घाईत ठेवला. घाई काही नव्हती. आई कोलार्डची भाजी निवडत समोर बसली होती आणि तुझं नाव ऐकल्यावर तिचे कान टवकारले होते. तिच्यासमोर मला तुझ्याशी बोलता येत नाही. फोन ठेवल्यावर म्हणाली, "अगं, एवढी मोठी बाई तुला आपणहून फोन करते आणि तू बँकेतल्या माणसाशी बोलावं तशी बोलतेस. तुला कुठे काय खुपतंय?" मी म्हटलं, काही खुपत नाही. "मग चेहरा असा का?" म्हणाली, आणि देठं मोडत बसली.

तू म्हणालीस की सातव्या प्रकरणात कुठे काही चुकलं असेल तर मोकळेपणाने सांग. सांगते.

वेण्या घालायला नऊ तास लागले असं तू लिहिलं आहेस. सात. सेनेगलच्या मादाम कुंबाच्या दुकानात तू शनिवारी सकाळी दहाला बसलीस आणि पाचला उठलीस. मला माहीत आहे, कारण पाच वाजता तू पुन्हा फोन केला होतास, मान मोडून गेली म्हणून रडत आणि हसत.

तुझा पहिला फोन दहाला पाच मिनिटं कमी असताना आला. "मादामने कंगवा हातात घेतलाय. एकदा सुरुवात झाली की मागे फिरता येत नाही, डेनी. पर्विसला विचारलंस का?" असं तू म्हणालीस. पुस्तकात तू लिहिलं आहेस की मी थोडी थांबले आणि मग म्हणाले, 'हो म्हणाले ते.' मी थांबले नव्हते. ते काढून टाक.

आपल्या कराराचं तू नीट लिहिलं नाहीस. आपण सह्या केल्या तेव्हा 'दिसण्यात बदल करण्याआधी लेखी विचारावं' असं त्यात होतं आणि तेव्हा आपण दोघी हसलो होतो. नंतर कळलं की गोऱ्या मुली केस सोनेरीचे तपकिरी करून आल्या तरी त्यांना कुणी काही विचारत नाही, आणि आपल्याला पावसाळी हवेत कपाळावरची एक बट आखडली तरी चिठ्ठी येते. हे लिही. लोकांना तेवढं कळायला हवं.

सोमवारचा भाग चांगला लिहिला आहेस. पर्विसने पाचला दहा कमी असताना तुला पाहिलं आणि ते लाल झाले. तुला उठवून दुसरं कुणी बसवायचं, एवढ्यात हवामानवाला ओरडत आला की रँकिन काउंटीत टॉर्नेडो उतरलाय. मग कुणाला केस दिसतात? तू बसलीस आणि साडेनऊपर्यंत उठली नाहीस. कुणाच्या रस्त्यावर काय चाललंय, कुठल्या शाळेचं तळघर उघडं आहे, हे एकेक करून सांगत राहिलीस. तुझा आवाज एकदाही चढला नाही. म्हाताऱ्या बायका अजून सांगतात की त्या दिवशी न्हाणीघरात, टबमध्ये आडोशाला बसून, त्यांनी तुझ्या वेण्यांकडे बघत देवाचं नाव घेतलं.

माझं मात्र तू फक्त 'डेनिता घटनास्थळी होती' एवढंच लिहिलं आहेस. त्याबद्दल आभार.

मी घटनास्थळी होते. एका खड्ड्याच्या काठावर, मोहरी रंगाच्या ड्रेसवर चॅनेलचा रेनकोट घालून. टोपी वाऱ्याने उडाली आणि मी शुक्रवारी दोन तास बसून सरळ करून घेतलेले केस, थेट प्रक्षेपणात, चार वाक्यांत पुन्हा मूळपदावर आले. पहिल्या वाक्याला ते खांद्यापर्यंत होते, चौथ्याला कानाच्या वर. कॅमेरामन हसू दाबत होता. मागे एक घर छताशिवाय उभं होतं आणि मला तेव्हा फक्त एवढंच कळत होतं की तू स्टुडिओत आहेस, कोरडी आहेस आणि तुझ्या डोक्यावरचा एक केसही हललेला नाही.

तर, सात तास. नऊ नव्हे.

डेनिता

*

१७ मार्च २०२४

जोवेल,

सूट पोचला.

मी येत नाही म्हणाले होते. तरी तू सूट पाठवलास. हे तुझं नेहमीचं. बाराव्या वर्षी चर्चमध्ये रविवारच्या सूचना कुणी वाचायच्या यावर पाद्रीबाईंनी आपल्या दोघींना उभं केलं होतं. मी सगळी नावं न अडखळता वाचली, आजाऱ्यांची यादीसुद्धा. तू दोन नावं चुकवलीस, आणि मग मान वर करून हसलीस आणि म्हणालीस, "सिस्टर अर्लीन, तुमचं नाव चुकलं तरी देवाला माहीत आहे तुम्ही कोण." सगळं चर्च हसलं. सूचना तुला मिळाल्या. मला कागद लिहून द्यायचं काम मिळालं, कारण माझं अक्षर चांगलं होतं. आज चाळीशी उलटली तरी मी कागदच लिहून देते. सकाळी सहाला आमच्या दोन पोरी कॅमेऱ्यासमोर जे बोलतात, त्यातला शब्द न शब्द माझा असतो. लोक त्यांना दुकानात थांबवून म्हणतात, किती छान बोलता हो तुम्ही.

सूटचं काय सांगू. गर्द जांभळा, आतून रेशमी, आणि मापाला इतका बरोबर की मला रागच आला. सोळा वर्षांत तू मला पाहिलंही नाहीस, तर माझं कंबरेचं माप तुला कळलं कुठून? आईला विचारलंस, हो ना? ती कबूल करत नाही, पण परवा टेप तिच्या उशीखाली सापडली.

मी तो घालून पाहिला. आईच्या खोलीतल्या मोठ्या आरशासमोर. आई पलंगावरून म्हणाली, "अगंबाई. अगं, फिर जरा." मी फिरले. "आता बघ, तू पण टीव्हीवरची दिसतेस." पण. जोवेल, हा 'पण' कुठून आला? मी टीव्हीवर होतेच ना. तीन वर्षं, शनिवार-रविवार, संध्याकाळच्या बातम्या. माझ्या स्वतःच्या आईला ते आठवत नाही.

रोज चार वाजले की ती तुझा शो लावते. तू कानात काय घातलंयस, ओठांना कोणता रंग आहे, याची चर्चा मिस रूबीशी भिंतीपलीकडून चालते. "आज जोवेलने डोक्याला कापड गुंडाळलंय, राणी दिसते." मी दुपारी दमून आलेली असते. तिचं जेवण वाढता वाढता मला तुझी राणी बघावी लागते. आणि राणी दिसतेस तू, ते काही खोटं नाही. मी मनात तुझे दोष काढत बसते. टाचा फार उंच. पाहुण्यांचं बोलणं मध्येच तोडतेस. 'आम्ही काळ्या बायका' असं म्हणताना कॅमेऱ्याकडे बघतेस, समोरच्या बाईकडे नाही. एकेक दोष सापडला की जीव जरा थंड होतो. मग जाहिराती संपतात, तू परत येतेस, आणि पुन्हा आग.

तुला कोणी सांगितलं नसेल म्हणून सांगते, गेल्या आठवड्यात तू त्या लुझियानाच्या तरुण बातमीदार मुलीला विचारलंस, 'तुला पहिल्यांदा स्वतःच्या केसांत बातम्या द्यायला कुणी बळ दिलं?' आणि ती म्हणाली, 'तुम्ही.' तू तेव्हा डोळे पुसलेस. खरे पुसलेस, मला कळतं. मी ताट सिंकमध्ये आपटलं. आई म्हणाली, "फुटलं का?" फुटलं होतं.

तुझा सूट परत पाठवणार होते. खोकंही शोधलं. पण आईने मिस रूबीला सांगून टाकलंय की डेनिता अटलांटाला जाणार. आता गेले नाही तर रोज चार वाजता कारण सांगावं लागेल.

येते. सूट घालीन. स्टेजवर बोलणार मात्र नाही.

डेनिता

*

९ एप्रिल २०२४

जोवेल,

तुझ्या असिस्टंटने कार्यक्रमपत्रिका पाठवली. त्यात लिहिलं आहे, 'डेनिता हॅल्सी: दोन शब्द.' मी बोलणार नाही म्हणाले होते. तू ऐकतच नाहीस, कधी ऐकलंस म्हणा.

म्हणून बोलायच्या आधी लिहिते.

त्या शनिवारी तू मला विचारलंस तेव्हा मी पर्विसना काहीच विचारलं नव्हतं. विचारते असं तुला बुधवारी म्हटलं होतं, ते मनापासून म्हटलं होतं. गुरुवारी ते मला बोलावून म्हणाले की पाचच्या बातम्यांसाठी तू आणि मी अशी दोन नावं वर गेली आहेत. कायमच्या खुर्चीसाठी. महिनाअखेर ठरणार. "तुम्ही दोघीही आम्हाला आवडता," असं ते म्हणाले, आणि मला कळलं की खुर्ची तुझीच आहे. चर्चमधल्या सूचनांसारखी.

शुक्रवारी मी त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते 'नाही' म्हणाले असते, मी तुला सांगितलं असतं आणि तू सोमवारी तुझ्या नेहमीच्या गुळगुळीत केसांनी आली असतीस. मला ते नको होतं.

शनिवारी तुझा फोन वाजला तेव्हा मी काय करत होते माहीत आहे? इस्त्री करत होते. मोहरी रंगाचा ड्रेस. शनिवारची माझी पाळी संध्याकाळची होती आणि तिच्यासाठी निळा ड्रेस टांगलेला होता. मोहरी रंगाचा सोमवारसाठी होता. माझी सोमवारी पाळीच नव्हती. माझा हिशेब असा होता की सात तासांच्या वेण्या कुणी दहा मिनिटांत सोडवू शकत नाही. पर्विस तुला पाहतील, तुला उठवतील आणि पाच वाजता खुर्चीत कुणीतरी लागेल. मी 'सहज' स्टुडिओत आलेली असेन. आले होतेच; फक्त खुर्चीऐवजी मला त्या खड्ड्यापाशी पाठवलं.

म्हणून मी थांबले नाही. तू विचारायच्या आधीच माझ्या ओठांवर ते तयार होतं. 'हो म्हणाले ते.' माझा आवाजसुद्धा गोड होता.

मी तुझ्यासाठी खोटं बोलले नाही, जोवेल. तुझ्याविरुद्ध बोलले. टॉर्नेडो आला नसता तर तू त्या दिवशी रडत घरी गेली असतीस आणि मी तुला जवळ घेऊन समजावलं असतं. समजावताना कोणती वाक्यं म्हणायची तीही मी ठरवली होती.

मंगळवारी पर्विसनी तुला विचारलं, तुला परवानगी दिली कुणी? तू माझं नाव सांगितलंस. त्यांनी मला बोलावलं. तोवर चॅनेलचे फोन तुझ्या कौतुकाने खणखणत होते, तुला हात लावायची त्यांची हिंमत नव्हती. मग राग काढायला मी होते. माझा शनिवार-रविवार काढून घेतला आणि मला आतल्या खोलीत बसवलं. मी एका शब्दाने वाद घातला नाही. मला वाटलं, बरोबर आहे. मी केलं तेच मला मिळालं. नंतर बर्मिंगहॅमच्या चॅनेलने विचारलं होतं, नॅशव्हिलनेही एकदा. मी अर्जच केला नाही. खुर्चीसमोर उभं राहिलं की तो शनिवार आठवायचा आणि मला वाटायचं, माझा काय अधिकार?

तुझे फोन घेणं म्हणूनच बंद केलं. तुला वाटलं मी शिक्षा झाली म्हणून तुझ्यावर चिडले. चिडले होतेच. पण त्याहून जास्त, तू आभार मानशील याची भीती वाटायची.

आता तू छापून आभार मानते आहेस.

हे पत्र टाकते आहे. अजून पाकीट चिकटवलेलं नाही.

डेनिता

*

२२ एप्रिल २०२४

जोवेल,

नऊ तारखेचं पत्र या पत्रासोबत आहे. मी ते टाकलं नव्हतं. जांभळ्या सूटच्या आतल्या खिशात घालून अटलांटाला आणलं आणि परत नेलं. आता दोन्ही एकदम वाच. पहिल्यातलं बरंचसं तुला शनिवारी कळलंच आहे, पण मला ते माझ्या अक्षरात तुझ्याकडे असायला हवं.

जेवण छान होतं. कोंबडी जरा कोरडी. बायका मात्र काय सजल्या होत्या. एवढे रंग मी ईस्टरच्या रविवारीही पाहिले नाहीत. आखूड पांढरे केस, कमरेपर्यंत वेण्या, कुणी पूर्ण चकचकीत डोक्याची. प्रत्येकीने मला मिठी मारली. "तुम्हीच का त्या? तुमचं खोटं आम्हाला फळलं हो." मी आठ-दहा मिठ्या सहन केल्या. मग एक जण, शार्लटची, रेडिओवर असते, ती म्हणाली, "माझी अशी एक जरी मैत्रीण असती ना." तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. तिथे माझं जेवण संपलं.

तू माझं नाव पुकारलंस, मी वर आले, आणि मी सांगून टाकलं. तू ऐकलंसच. "मी जोवेलसाठी खोटं बोलले नाही. मला तिची खुर्ची हवी होती. मला वाटलं होतं, तिला हाकलतील आणि मी बसेन. ड्रेसला इस्त्रीही करून ठेवली होती."

आणि त्या हसल्या. तीनशे बायका हसल्या, टाळ्या वाजवल्या. कुणीतरी मागून ओरडलं, "सांग बाई, सांग." सूत्रसंचालन करणारीने माईक घेतला आणि म्हणाली, "मिस डेनिताला कुणीतरी स्वतःचा शो द्या रे." आयुष्यात पहिल्यांदा मी एका सभागृहासमोर पूर्ण खरं बोलले, आणि सगळ्यांना तो नम्रपणाने केलेला विनोद वाटला.

तू हसली नाहीस. मी फक्त तुझ्याकडे बघत होते, म्हणून मला दिसलं.

नंतर कोट ठेवायच्या खोलीत तू दार लावलंस तेव्हा मला वाटलं, आता हात उगारणार. त्याऐवजी तू एका खोक्यावर बसलीस, टाचा काढल्यास आणि म्हणालीस, "मला माहीत होतं, डेनी."

मी विचारलं, "कधीपासून?"

"शनिवारपासून. दहाला पाच कमी असल्यापासून."

तू जे सांगितलंस ते मी इथे लिहिते, कारण ते कागदावर आलं नाही तर उद्या मला वाटेल की मी स्वप्न पाहिलं. शुक्रवारी संध्याकाळी तू स्वतःच पर्विसना कॉफीच्या यंत्रापाशी गाठलंस आणि विचारलंस. ते म्हणाले, नाही, करार वाच. तू घरी गेलीस, रडलीस, आणि तरी शनिवारी मादाम कुंबाच्या खुर्चीत जाऊन बसलीस. "मला घालायच्याच होत्या," तू म्हणालीस. "फक्त एकटीने ते अंगावर घ्यायचं बळ नव्हतं. म्हणून तुला फोन केला. मला वाटलं, तू सांगशील की त्यांना विचारलंच नाही, आणि मी निमूट उठेन. पण तू 'हो' म्हणालीस. इतकं पटकन म्हणालीस की मला त्याच क्षणी कळलं तू का म्हणतेस. आणि मी मादामला सांगितलं, कर सुरू. आता विचारलंच कुणी, तर तुझं नाव होतं माझ्याकडे."

"आणि मंगळवारी?"

"मंगळवारी विचारलं त्यांनी. मी सांगितलं."

"माझी खुर्ची जाईल हे कळलं होतं तुला?"

तू तुझ्या टाचांकडे बघत म्हणालीस, "बुधवारी कळलं. बुधवारी मी जाऊन सांगू शकले असते की मला 'नाही' म्हटलं होतं. पर्विस विसरले होते की आठवत असून गप्प बसले, देव जाणे. पण गुरुवारी अटलांटाचा फोन आला, नोकरीचा."

मग तू म्हणालीस की प्रकरण शुक्रवारपर्यंत बदलता येईल, मी सांगेन तसं. "तू म्हणशील तर आहे तसं ठेवते. तुला शूर म्हटलं की मला बरं वाटायचं, डेनी. तेवढ्यावर माझं भागत होतं."

मी गाडीची किल्ली काढली आणि निघाले. सहा तास गाडी चालवली. अलाबामाची हद्द येईपर्यंत मी तुला तोंडात येतील त्या शिव्या दिल्या. टस्कालूसाच्या पुढे मला हसू आलं. मेरिडियनपाशी गाडी कडेला लावून रडले, कारण मला बर्मिंगहॅम आठवलं, नॅशव्हिल आठवलं. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. मी स्वतःला शिक्षा देत बसले होते, आणि त्या शिक्षेतली निम्मी तुझी होती. निदान निम्मी. ती तू मला एकटीला भोगू दिलीस आणि वरून नाताळची कार्डं पाठवलीस.

माझ्या वाट्याचं मी कमी करत नाही. मी केलं ते केलं, आणि जे व्हावंसं मला वाटत होतं ते झालं नाही याचं श्रेय टॉर्नेडोचं. पण एवढी वर्षं मला वाटायचं की आपल्या दोघींत वाईट मी आणि चांगली तू. तुझ्या कपड्यांचा, तुझ्या शोचा जितका हेवा वाटला नाही, तितका तुझ्या त्या चांगुलपणाचा वाटला. मला वाटायचं, तिला हे सगळं मिळालंय आणि शिवाय ती निर्मळ आहे. आता तू तेवढी निर्मळ नाहीस हे कळलं, तर मला आनंद व्हायला हवा होता. झाला. अर्धा तास टिकला.

आईला मी सगळं सांगितलं. तिने टीव्हीचा रिमोट बाजूला ठेवला. मग म्हणाली, "दोघींना एकेक ठेवून द्यायला हवी होती, तेव्हाच." थोड्या वेळाने म्हणाली, "मग आता चार वाजता मी काय बघायचं?" मी म्हटलं, जोवेललाच बघ. आज तिने बघितलं, पण मिस रूबीशी भिंतीपलीकडून एक शब्द बोलली नाही.

तर शुक्रवारच्या आत, माझं म्हणणं असं. खरं लिही. माझं पूर्ण लिही, इस्त्रीसकट. तुझंही पूर्ण लिही, कॉफीच्या यंत्रापासून गुरुवारच्या फोनपर्यंत. शूर हा शब्द तिन्ही ठिकाणचा काढ. प्रकरणाला दुसरं नाव दे. ज्या पोरी आज वेण्या घालून कॅमेऱ्यासमोर बसतात, त्यांना वाटतं आपण दोघी एकमेकींचा हात धरून पुढे गेलो. त्यांच्यातही एक खुर्ची आणि दोन नावं असं होतच असेल, आजही. तेव्हा त्यांना कुणाची तरी आठवण यायला हवी, आणि ती खरी असायला हवी. तुझा शो यामुळे बुडणार नाही. बुडला तर मला कळव, मी खोटं दुःख करणार नाही.

सूट परत पाठवत नाही. तो मला फार चांगला दिसतो.

एक गोष्ट त्या खोलीत विचारायची राहिली. तू मला पहिल्या दिवसापासून ओळखून होतीस. मी तुझ्यावर जळते हे तुला बाराव्या वर्षीही कळत होतं, नाहीतर त्या शनिवारी एवढ्या पटकन कळलं नसतं. मग मला सांग, एकदा तरी, एखाद्या दिवशी तरी, तुला माझा हेवा वाटला होता का? माझ्या वाचण्याचा, माझ्या अक्षराचा, कशाचाही. वाटला असेल तर लिहून पाठव. फोन करू नकोस, मला ते हातात धरायचं आहे. आणि नसेल वाटला, तर उत्तरच देऊ नकोस. मी म्हणेन, पोस्टात गहाळ झालं.

डेनिता